चाळिशी-पन्नाशीतले पुरुष आणि कॅन्सर: तपासणीचं पॅकेज घ्यावं का?

पतपेढी_विदर्भ

नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेच्या चार शाखांत मिळून ४० ते ५५ वयाचे २६ पुरुष कर्मचारी आहेत. तीन शाखा यवतमाळ जिल्ह्यात, एक वर्ध्याला. संचालक मंडळाने यंदा या लोकांच्या आरोग्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढली आणि विषय ठरला कॅन्सर. लगेच एका लॅबचा माणूस ‘पुरुषांचं कॅन्सर प्रोफाइल’ घेऊन हजर. त्यात पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्तचाचणी), सीईए, सीए १९-९, एएफपी (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या चाचण्या), हिमोग्राम आणि पोटाची सोनोग्राफी. माणशी जो दर सांगितलाय त्यात सगळी रक्कम एका दिवसात संपते.

आमच्या लोकांचं चित्र लपवण्यासारखं नाही. निम्म्याहून जास्त जणांच्या खिशात खर्र्याची (तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेल्या मिश्रणाची) पुडी. पाच-सहा सिगारेटवाले. शनिवारी ‘बसणारे’ बरेच. काम सगळं खुर्चीत, त्यामुळे पट्ट्याला दरवर्षी नवं भोक, तेही बाहेरच्या बाजूला.

पॅकेज घ्यावं का? नसेल घ्यायचं तर त्याच पैशात काय करावं? आणि खर्रा सोडवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? ‘तंबाखू सोडा’ असा फलक आमच्याकडे आधीच आहे. त्याच्याखालीच थुंकतात.

दाढेखाली

तुमच्या यादीत तोंडात बघण्याचं नावच नाही, आणि या २६ जणांसाठी पहिली तपासणी तीच. भारतात पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा. तो रक्तात शोधावा लागत नाही. गाल ओढून बॅटरी मारली की बहुतेक वेळा त्याच्या आधीची पायरीच दिसते, आणि खरा फायदा त्या पायरीवर आहे.

तिरुवनंतपुरम जिल्ह्यात याची मोठी चाचणी झाली, निकाल २००५ साली आला. प्रशिक्षण दिलेले आरोग्य कर्मचारी दर तीन वर्षांनी नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासत. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. न घेणाऱ्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. म्हणून आधी खर्रा-सिगारेट-दारूवाल्यांची यादी करा, तिथून सुरुवात करा.

खर्र्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे की दोष फक्त तंबाखूचा. पन्नीवर घोटला जातो तो तीन वस्तूंचा माल, आणि तिघांचं काम वेगळं. तंबाखूत नायट्रोसमाइन असतात, ती थेट कॅन्सर करणारी रसायनं. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आतल्या पेशींना जादा कोलॅजन (चिवट धागे) बनवायला लावतं, आणि सुपारीतलं तांबं ते कोलॅजन घट्ट बांधून ठेवतं. गाल आतून चामड्यासारखा होतो, तोंड उघडेनासं होतं. चुना लाळ अल्कधर्मी करतो, त्यामुळे निकोटिन पटकन रक्तात जातं (म्हणून तर ‘किक’ बसते), आणि गालाचं अस्तर सोलून निघतं ते वेगळंच. तंबाखू काढून नुसती सुपारी ठेवली तरी सुटका नाही. २००४ साली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीला एकटीलाही पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या गटात टाकलं.

आता घरी करायची तपासणी. महिन्यातून एकदा, पाच मिनिटं, आरसा आणि मोबाइलची बॅटरी. कवळी असेल तर काढा, खळखळून चूळ भरा. खालचा ओठ बाहेर उलटा करा, मग वरचा. हिरड्यांच्या बाहेरची बाजू बघा. मग बोटाने गाल बाहेर ओढून शेवटच्या दाढेपर्यंत बघा. ही जागा लोक सोडतात, आणि खर्रा नेमका तिथेच कोंबलेला असतो. ज्या बाजूला पुडी ठेवायची सवय आहे ती बाजू दोनदा बघा. जीभ रुमालाने धरून आधी उजवीकडे ओढा, मग डावीकडे. जिभेची कड मागपर्यंत दिसली पाहिजे. जीभ टाळूला लावून खालची जमीन बघा. डोकं मागे टाकून टाळू बघा. शेवटी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवा.

काय शोधायचं: कापडाने पुसून न जाणारा पांढरा चट्टा. मखमलीसारखा लाल चट्टा, जो पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम. हाताला लागणारी, न दुखणारी गाठ. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हे इथे उलटं आहे. तोंड आलं की झोंबतं, सुरुवातीचा कॅन्सर बऱ्याचदा झोंबत नाही.

आणि तीन बोटांची परीक्षा. स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधलं आणि अनामिका उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. तीन सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील, पूर्वीपेक्षा तिखट जास्त झोंबत असेल, गाल पांढुरका आणि ताठ लागत असेल, तर फायब्रोसिस, म्हणजे गाल आतून ताठ होत जाणं, सुरू झालाय. तो मागे फिरत नाही. सुपारी थांबवली तर पुढे सरकणं मंदावतं, व्यायामाने आणि इंजेक्शनांनी तोंड थोडं उघडतं. पण असा माणूस आयुष्यभर दर सहा महिन्यांनी दंतवैद्याला दिसला पाहिजे.

वेळ कुठे वाया जातो तेही सांगतो. मेडिकलमधून तोंड येण्याचं जेल आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन लोक तीन-तीन महिने काढतात. दोन आठवडे ही मर्यादा धरा. टोकदार दात किंवा तुटकी दाढ गालाला घासत असेल तर आधी ती घासून गुळगुळीत करून घ्या, दोन आठवडे थांबा, तरी जखम तशीच असेल तर तुकडा काढून तपासायचा. ‘सुई लावली की पसरतो’ हे ऐकून पळणारे खूप. तोंडाच्या बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो सहा महिने थांबल्याने.

शिबिरासाठी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय, दोन्ही तुमच्या टप्प्यात आहेत. तिथल्या सामाजिक दंतशास्त्र विभागाला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या. शाखेत फक्त उजेड, पाण्याची सोय आणि एक खुर्ची लागते.

नमुना_तपासला

दाढेखाली यांनी मोठं काम केलंय, मी फक्त पॅकेजची चिरफाड करतो. लॅबच्या या बाजूला बसून सांगतोय, म्हणून विश्वास ठेवा.

सीईए, सीए १९-९ आणि एएफपी या चाचण्या निरोग्यांमध्ये कॅन्सर शोधण्यासाठी बनलेल्या नाहीत. निदान झालेल्या रुग्णाचा उपचार लागू पडतोय का, आजार परत येतोय का, हे बघायला त्या कामाच्या. सीईए नुसत्या सिगारेटने वाढतो. सीए १९-९ पित्ताशयातला खडा, कावीळ, स्वादुपिंडाची सूज यानेही वाढतो, आणि काही माणसांचं शरीर तो मुळात बनवतच नाही, म्हणजे कॅन्सर असूनही रिपोर्ट नॉर्मल. एएफपी यकृताच्या साध्या सुजेनेही वर जातो.

हिशोब बघा. समजा प्रत्येक चाचणी १०० निरोगी माणसांपैकी ५ जणांना चुकून ‘जास्त’ दाखवते. तुमची २६ माणसं, चार चाचण्या, म्हणजे १०४ निकाल. त्यात पाचेक निकाल विनाकारण लाल येणार. ते पाच जण सीटी स्कॅन, एन्डोस्कोपी करत नागपूरच्या फेऱ्या मारणार. ज्यांचे सगळे आकडे काळे आले ते ‘आपल्याला काही नाही’ म्हणत त्याच संध्याकाळी नवी पुडी उघडणार. हे दुसरं नुकसान मोठं.

पीएसएची गोष्ट जरा वेगळी. ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी फायदे-तोटे बोलून तो करावा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. सरसकट पॅकेजमध्ये तो नको. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर हे बोलणं आधी, पंचेचाळिशीच्या आसपास. करायचाच असेल तर आधीचे दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळा, लघवीचा जंतुसंसर्ग झालेला असेल तर सहा आठवडे थांबा. आणि एक गोष्ट जवळपास कोणी विचारत नाही: प्रोस्टेटसाठी किंवा केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइड चालू आहे का? ती गोळी पीएसए साधारण निम्म्यावर आणते. २ आलेला आकडा मग ४ समजून वाचावा लागतो.

हिमोग्राम मात्र ठेवा. स्वस्त आहे आणि त्यात एक सोनं दडलेलं आहे. चाळिशीपुढच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) कमी, तर लोहाच्या गोळ्या लिहून विषय मिटवायचा नाही. पुरुषाला पाळी येत नाही, मग रक्त जातंय कुठून? जठर आणि मोठं आतडं दुर्बिणीतून बघितल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

सोनोग्राफीत निम्म्यांना ‘फॅटी लिव्हर’ लिहून येईल, आणि ते पोटाचा घेर मोजूनही कळलं असतं.

पतपेढी_विदर्भ

दोघांचेही आभार. पॅकेज रद्द असं धरतो. आता खर्रा. मागच्या वर्षी आम्ही निकोटिनचे च्युइंगम आणून वाटले होते. दोन दिवसांत तक्रारी: मळमळतं, उचकी लागते, घसा जळतो. तिसऱ्या दिवशी सगळे परत टपरीवर. काही जण ‘मी फक्त साधी सुपारी खातो’ म्हणतात, त्याचं उत्तर वर मिळालंच. दोघांना ते गम चावताच येत नव्हतं, जबडा दुखतो म्हणाले.

चंची_रिकामी

गम वाटताना तो कसा वापरायचा हे कोणी सांगितलं नाही, म्हणून तो वाया गेला. नेहमी हेच होतं.

नाव गम असलं तरी ते चघळायचं नसतं. १०-१५ वेळा सावकाश चावायचं. तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं, मग दुसऱ्या बाजूला ठेवायचं. असं अर्धा तास. निकोटिन गालातून रक्तात गेलं पाहिजे. भराभर चावून लाळ गिळली की ते पोटात जातं, तिथून उचकी, मळमळ आणि जळजळ. दुसरी चूक म्हणजे चहा. चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंड आम्ल होतं आणि निकोटिन शोषलं जात नाही. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना फक्त पाणी.

मात्रा: सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पुडी लागत असेल तर ४ मिग्रॅ, नाहीतर २ मिग्रॅ. २ मिग्रॅ चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. म्हणजे १२ आठवडे. लोक दिवसाला दोन घेतात आणि ‘उपयोग नाही’ म्हणतात. दहा पुड्यांचा माणूस दोन गमवर कसा निभणार?

ज्या दोघांना चावता येत नव्हतं त्यांची आधी तीन बोटांची परीक्षा करा. फायब्रोसिस असेल तर गम त्यांच्यासाठी नाहीच. त्यांना पॅच, म्हणजे निकोटिनची चिकटपट्टी: सकाळी अंघोळीनंतर दंडावर किंवा छातीवर, कोरड्या, केस नसलेल्या जागी, रोज जागा बदलून. २१ मिग्रॅ सहा आठवडे, मग १४ दोन आठवडे, मग ७ दोन आठवडे. रात्री वेडीवाकडी स्वप्नं पडली तर झोपताना काढून ठेवायचा. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा हृदयाचे ठोके बिघडलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गमही नाही, पॅचही नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर खायच्या तंबाखूसाठी गम-पॅचचा पुरावा सिगारेटइतका भक्कम नाही. व्हॅरेनिक्लिन या तलफ कमी करणाऱ्या गोळीचा त्यापेक्षा बरा. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करायची, जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत, नाहीतर मळमळते. ब्युप्रोपियॉन ही दुसरी गोळी आकडी येणाऱ्याला चालत नाही. पण औषध काहीही असो, जोडीला बोलणारं माणूस लागतंच. राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर संदेश सुरू होतात.

आता जे गोळीत नसतं ते. तारीख ठरवा, पण महिनाअखेर आणि लेखापरीक्षणाचा आठवडा टाळून. पतसंस्थेत याला महत्त्व आहे. आदल्या रात्री टेबलाचा खण, गाडीची डिकी, शर्टाचे खिसे, सगळीकडच्या पुड्या आणि चुन्याच्या डब्या बाहेर. एक डबी राहिली की चौथ्या दिवशी ती सापडते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, तीन-चार आठवड्यांत बरंच निवळतं. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांची लाट असते. तेवढा वेळ घड्याळ लावून काढायचा: उभं राहायचं, पाणी घोट-घोट प्यायचं, तोंडात भाजलेली बडीशेप-ओवा टाकायचा. लवंग नको, ज्याचा गाल आधीच झोंबतो त्याला ती भाजते. आणि बाजारचा मुखवास घेताना बघून घ्या, बऱ्याच मिश्रणांत सुपारीचा चुरा असतो.

एक अडचण कोणी मोकळेपणाने सांगत नाही. सकाळी तंबाखू नसेल तर पोट साफ होत नाही. अनेकांचा तिसऱ्या दिवशी घात इथेच होतो. आधीपासून तयारी करा: रात्री कोमट पाण्यात दोन चमचे इसबगोल, सकाळी उठल्या-उठल्या दोन पेले कोमट पाणी, पंधरा मिनिटं चालणं. आठवडा-दोन आठवड्यांत आतडं स्वतःच्या वेळेवर येतं.

सिगारेटवाल्यांसाठी वेगळी सूचना: धूर थांबला की कॅफिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. चहा-कॉफी तेवढीच राहिली तर हात थरथरतात, झोप उडते, आणि माणसाला वाटतं सिगारेट सोडल्यामुळे झालं. पहिल्याच दिवशी चहा निम्म्यावर आणा.

गुटखा आणि पानमसाल्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र टपरीवर समोर घोटून मिळतो. तुमच्या शाखेपासून टपरी किती पावलांवर आहे ते मोजा. चहा शाखेतच मिळू लागला की निम्म्या फेऱ्या कमी होतात. माझ्या मते तुमच्या पैशाचा हा सगळ्यात चांगला उपयोग: एक चहाची किटली.

रविवार_कोरडा

‘शनिवारी बसणारे’ हा मुद्दा मागे पडला. दारू १९८८ पासूनच सुपारीसारखी पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या गटात आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, सगळीकडे ती हात लावते. आणि तंबाखूसोबत घेतली तर धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

लोक पेगात मोजतात, ग्रॅममध्ये मोजा. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलि म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १८० ची क्वार्टर ६० ग्रॅम. ६५० मिलिची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ४१ ग्रॅम, म्हणजे चार लहान पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याला हा आकडा कागदावर दाखवा. कॅन्सरच्या बाबतीत अमुक मात्रेपर्यंत सुरक्षित अशी रेषा नाही, जितकी कमी तितकं बरं. पण रोज भरपूर घेणाऱ्याला शिबिरात जोश चढवून एका दिवसात थांबवू नका. दोन-तीन दिवसांत थरथर, भास, आकडी येऊ शकते, जीव जाऊ शकतो. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायचं.

यकृताच्या कॅन्सरवर एक लस आहे, आणि या वयाच्या माणसांनी ती बहुतेक घेतलेली नाही. हिपॅटायटिस बी. लहान मुलांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर पोहोचली २०११ पर्यंत, तुमचे लोक तेव्हा नोकरीला लागलेले होते. आधी रक्तात एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी साठी) आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी साठी) तपासा. बी निगेटिव्ह असेल त्याला तीन डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. पॉझिटिव्ह निघाला तर घाबरवू नका, पण त्याने यकृताच्या डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे. अशांपैकी अनेकांना सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते, आणि तुमच्या त्या पॅकेजमधली एएफपी खरी इथे शोभते. सी पॉझिटिव्ह असेल तर बहुतेकांचा तो १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात औषधं सरकारी केंद्रांवर मोफत आहेत.

कणीस

खाण्यापिण्याचं काहीच नाही का? आमच्याकडे हळद-लसूण कॅप्सूल, मल्टीव्हिटॅमिन, अँटिऑक्सिडंट असं बरंच चालतं.

नमुना_तपासला

कॅप्सूल नको. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या सिगारेट पिणाऱ्यांना दिल्या तेव्हा फुफ्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. १९९० च्या दशकात फिनलंड आणि अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्यांत हेच दिसलं. व्हिटॅमिन ई रोज ४०० युनिट घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला, तो निकाल २०११ चा. गाजर खा, गाजराची गोळी नको. हळद भाजीत असतेच.

आणि बुरशी आलेले, काळपट, कडवट शेंगदाणे चटणीत ढकलू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृतावर जातं, आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. मक्याचंही तेच.

घेर_नव्वद

पट्ट्याच्या भोकांवरून. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंमीच्या आत हवा, आपल्या लोकांसाठी हीच मर्यादा. पँटचा नंबर सांगू नका, तो पोटाखाली बसतो. शर्ट वर करून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत न ओढता आकडा वाचा. पोटातली चरबी इन्सुलिन वाढवते, सूज धुमसत ठेवते. मोठं आतडं, यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांचे कॅन्सर तिच्याशी जोडलेले आहेत.

आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. रोज ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम असतात, पांढऱ्या तांदळात त्याच्या निम्मेही नाहीत. दोन भाकरी, वाटीभर उसळ, पालेभाजी आणि एक फळ, एवढ्यात गणित बसतं. एकदम वाढवू नका, पोट फुगतं आणि लोक भाकरीला दोष देतात. सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस गावाकडे फार कोणी खात नाही, ते राहू द्या.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मूळव्याध. शौचात रक्त दिसलं की पुरुष स्वतःच निदान करतो, मलम आणतो आणि वर्ष काढतो. मूळव्याध असूनही वर आतड्यात गाठ असू शकते, एकाने दुसरं नाकारलं जात नाही. चाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त दिसलं, शौचाची सवय सहा आठवडे बदललेली राहिली, वजन आपोआप उतरलं, तर दुर्बीण. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर लक्षण नसतानाही चाळिशीत कोलोनोस्कोपी, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल ते.

सिगारेटवाल्यांना आणखी दोन गोष्टी. लघवीत रक्त, दुखत नाही, एकदाच आलं आणि थांबलं: तरीही मूत्राशय तपासायचं. आणि खोकल्यातून रक्त आलं की क्ष-किरणावरचा डाग बघून टीबीचं औषध सुरू होतं. थुंकीत जंतू सापडलेला नसेल आणि दोन महिन्यांत डाग हलला नसेल, तर सीटी आणि बायोप्सी मागून घ्या.

पतपेढी_विदर्भ

कच्चा आराखडा असा केलाय. पहिल्या शनिवारी दंत महाविद्यालयाचं शिबिर आणि टेपने घेर. त्याच दिवशी हिमोग्राम, एचबीएसएजी, अँटी-एचसीव्ही. नंतर खर्रावाल्यांची तारीख, गम-पॅच संस्थेच्या खर्चाने १२ आठवडे. बी निगेटिव्ह लोकांना लस. चहाची किटली मंजूर झाली. शंका दोन: लशीचा दुसरा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची का? आणि शिबिराला खर्रावाले येतील का, की नेमके तेच रजेवर जातील?

रविवार_कोरडा

पहिल्यापासून नाही, राहिलेला डोस शक्य तितक्या लवकर द्या आणि पुढे चला. इंजेक्शन दंडात घ्यायला सांगा. काही ठिकाणी अजून कमरेत टोचतात, तिथे चरबीत गेलं की लस नीट लागत नाही. रक्ताचे रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचे त्याला द्या, नोटीस बोर्डावर यादी लावू नका. एकाचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला आणि शाखेत कळलं की उद्यापासून त्याचा पेला वेगळा ठेवतात. हा आजार एका पेल्यातून पाणी प्यायल्याने होत नाही. रक्तातून आणि शरीरसंबंधातून होतो, म्हणून दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश तेवढा वेगळा, आणि बायकोचीही तपासणी आणि लस.

दाढेखाली

रजेवर जाणारच. म्हणून शिबिराच्या पत्रकात ‘कॅन्सर’ आणि ‘खर्रा’ हे दोन्ही शब्द नकोत. ‘मोफत दात तपासणी, सफाईसह’ एवढंच लिहा, आणि सफाई खरोखर ठेवा. खर्रावाल्याच्या दातांवर इतका थर असतो की सफाईला तो खुशीने बसतो. खुर्चीत बसल्यावर आधी तीन बोटं, मग गाल. पहिला नंबर शाखाधिकाऱ्याचा लावा, आणि तो स्वतः पुडीवाला असेल तर फारच उत्तम.